एल्बेवरचा पाण्याचा पूल

ओजसच्या जन्माच्या वेळी मनोरमा सहा आठवड्यांसाठी म्हणून जर्मनीत वोल्फ्सबुर्गला लेकीकडे, इराकडे आली, तेव्हा तिने एकच बॅग आणली होती. बाकीचे कपडे, मसाल्यांचे डबे आणि नवरा, सगळं ती फ्रान्समध्ये बोटीवर ठेवून आली होती.

बोटीचं नाव योहाना. जुनी डच मालवाहू बार्ज, लोखंडी, रुंद पोटाची, कधीकाळी धान्य वाहणारी. नेकारसुल्मला गाड्यांचे गिअरबॉक्स बनवण्यात आयुष्य काढलेल्या तिच्या नवऱ्याने, जयंतने, निवृत्त झाल्यावर ती घेतली. फ्रान्सच्या कालव्यांतून हिंडायचं आणि बोटीवरच राहायचं, ही कल्पना सगळी त्याची. मनोरमा आधी हसली, मग चिडली. पहिला उन्हाळा तिने फ्रीज लहान आहे, पाणी जपून वापरावं लागतं, बूड टेकायला सरळ खुर्ची नाही, अशा तक्रारींत काढला.

मग एकदा जयंतची पाठ धरली आणि सुकाणू तिच्या हाती आलं. कालव्यावर ठिकठिकाणी श्लॉइझे असतात, म्हणजे पाण्याच्या पायऱ्या. बोट दगडी हौदात शिरते, दार बंद होतं, पाणी भरतं किंवा उतरतं आणि बोट वरच्या नाहीतर खालच्या कालव्यात जाते. त्या हौदात योहाना शिरली की दोन्ही बाजूंना वीतभरच जागा उरायची. जयंत दर वेळी भिंतीला घासायचा. मनोरमाने पहिल्याच खेपेला ती लोण्यातून सुरी घालावी तशी आत घातली. तेव्हापासून ठरूनच गेलं, सुकाणू तिचं, दोर त्याचे. साठी ओलांडल्यावर आपल्याला एखादी गोष्ट इतकी सुरेख जमू शकते याचं तिला नवल वाटायचं. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गावं मागे जायची. संध्याकाळी जिथे बरं वाटेल तिथे काठाला खुंटे ठोकायचे, कुकरच्या शिट्ट्या ऐकून कुणी कुत्रा फिरवणारा थांबायचा, त्याला वाटीभर खिचडी द्यायची. अशी चार वर्षं गेली.

ओजस सप्टेंबरात झाला. बाळ उत्तम होतं. इरा मात्र बरी नव्हती. बाळ रडलं तरी ती खिडकीबाहेर बघत बसायची, जेवण समोर ठेवलं तरी हात लावायची नाही. घरी येणाऱ्या हेबामेच्या, म्हणजे सुईणीच्या, आधी लक्षात आलं. मग डॉक्टर, गोळ्या, दर आठवड्याला समुपदेशन सुरू झालं. जावई कपिल इंगोलश्टाटला नोकरीला. शुक्रवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आईने निघायचं नाव काढणंही शक्य नव्हतं. सहा आठवड्यांचा हिवाळा झाला आणि हिवाळ्याचा वसंत.

दुपारी बाबागाडी घेऊन मनोरमा कालव्यावरच्या पुलावर जायची. वोल्फ्सबुर्गचा कारखाना कालव्याला लागूनच आहे. समोर त्याची धुराडी आणि खालून मालाच्या लांबलचक बोटी जायच्या. एखाद्या बोटीच्या मागच्या भागात दोरीवर टॉवेल वाळत असायचे, केबिनच्या खिडकीत कुंडी असायची. मनोरमाचे हात बाबागाडीच्या दांड्यावरच नकळत वळायचे, सुकाणू वळवावं तसे. बोट दिसेनाशी झाली तरी ती कठड्यापाशीच थांबायची आणि मग तिला लाज वाटायची. नातवाला फिरवायला आणलेल्या आजीने असं दुसऱ्याच कशासाठी झुरावं, हे तिचं तिलाच पटत नव्हतं.

जयंत नाताळात येऊन गेला आणि परत तूल गावी, बोट थांबवली होती तिथे गेला. बोट हिवाळ्यात रिकामी ठेवता येत नाही, पाइप गोठतात. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. कसं काय, असं तो विचारायचा आणि ती म्हणायची, छान चाललंय. ओजस पालथा पडला, इराने आज स्वतः कॉफी केली, असलं काहीबाही सांगायची. बोटीबद्दल मुद्दाम विचारायची नाही. विचारलं तर आवाज फुटेल आणि मग तो तिकडे एकटा काळजी करत बसेल, असं तिला वाटायचं. फेब्रुवारीत एकदा त्याचा फोन दोन दिवस आला नाही. नंतर म्हणाला, सर्दीने झोपून होतो.

एप्रिलच्या अखेरीस तो म्हणाला की मी योहाना घेऊन तुमच्याकडे यायला निघतोय. मोझेलमधून ऱ्हाईनला, तिथून कालव्याकालव्याने. शेजारच्या बोटीवरचा बेल्जियन गृहस्थ हानोफरपर्यंत सोबत येणार आहे. मनोरमाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून हसली. बोट वोल्फ्सबुर्गला बांधायची. दिवसा इराकडे, संध्याकाळी बोटीवर. सगळं सुटेल असं तिला वाटलं. मधल्या आठवड्यांत ती रोज नकाशात बघायची, आज कुठे पोचले असतील.

शहराच्या अलीकडेच ज़्युल्फेल्डची श्लॉइझे आहे. फ्रान्समधल्यांच्या मानाने अवाढव्य. तिथे पूर्वेला जाणारी बोट तीन मजले खाली उतरते. गुरुवारी दुपारी इरा आणि ओजस यांच्याबरोबर मनोरमा कठड्याशी जाऊन उभी राहिली. दोन मोठ्या मालबोटींमागून योहाना आली. निळा रंग उडालेला, केबिनवर तिचीच पुदिन्याची कुंडी. तिने हात केला. जयंतनेही केला. मग त्याने भिंतीतल्या खुंट्याला दोर टाकला आणि तिच्या लक्षात आलं की तो डाव्या हाताने टाकतोय. पहिला दोर चुकला. दुसराही चुकला. उजवा हात त्याने शरीराशी धरून ठेवला होता.

पलीकडे एका क्लबच्या धक्क्याला बोट लागल्यावर सगळं बाहेर आलं. फेब्रुवारीत डेकवर बर्फ होतं. तो घसरून बोट आणि काठ यांच्या मधल्या फटीत पडला होता. बेल्जियन शेजाऱ्याने ओरडा ऐकून बाहेर काढलं नसतं तर काही खरं नव्हतं. उजवा खांदा निखळला, तो हात आता कानाच्या वर जात नाही.

"सर्दी म्हणालात मला तुम्ही," मनोरमा म्हणाली.

"तू काय करणार होतीस? इराला सोडून येणार होतीस?"

मग त्याने उरलेलं सांगितलं. तो वोल्फ्सबुर्गला राहायला आला नव्हता. योहानासाठी गिऱ्हाईक मिळालं होतं, मागडेबुर्गच्या पुढे गेंथीनला राहणारं एक तरुण जोडपं. बोट त्यांना पोचवायची होती.

"मला वाटलं, तुला आता त्यात काही राहिलेलं नाही," तो म्हणाला. "तू कधी बोटीची चौकशीसुद्धा केली नाहीस."

मनोरमा उठून आत गेली. डबे त्याच्या सोयीने दुसऱ्या फळीवर गेले होते. तिच्या बाजूच्या अंथरुणावर औजारांची पेटी होती. ती पेटीशेजारी बसून राहिली.

इराने हे सगळं धक्क्यावरून ऐकलं होतं. ओजस तिच्या कडेवर होता. थकलेली किंवा हळवी झाली की ती जर्मनमध्ये बोलते, पण त्या दिवशी ती केबिनच्या दारात वाकून मराठीत म्हणाली, "आई, तू बाबांबरोबर जा. बाबांना एका हाताने नाही जमणार. कपिल उद्या येतोय. मी ठेवीन ओजसला."

"नक्की?" मनोरमाने विचारलं. इतक्या महिन्यांत बाळाला मी ठेवीन असं इरा पहिल्यांदाच म्हणाली होती.

"गेनाऊ, अगदी नक्की," इरा म्हणाली आणि किंचित हसली.

कपिल आल्यावर शनिवारी सकाळी ते निघाले. सुकाणू मनोरमाने घेतलं. सुरुवातीला बोट जरा इकडेतिकडे जात होती, पण कारखाना मागे पडेपर्यंत ती पूर्वीसारखी सरळ चालू लागली. दोन्ही काठांना सपाट शेतं, मोहरीची पिवळी पट्टी, मधूनच पाइनचं रान. इंजिनाचा धडधडाट तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत यायचा. श्लॉइझे त्या दिवशी एकही नव्हती. जयंत शेजारी बसून संत्रं सोलत होता आणि एकेक फोड तिच्या हातावर ठेवत होता. हाल्डेन्सलेबेनला मुक्काम केला. खुंट्याला दोर तिनेच बांधले, कारण तो बांधायला लागला की त्याचा चेहरा वेदनेने आखडायचा आणि ते तिला बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागडेबुर्गचा पाण्याचा पूल आला. तिथे कालवा स्वतःच एल्बे नदीवरून जातो. पोलादी पन्हाळीत पाणी, त्यावर बोट आणि खाली खोल दुसरं पाणी, स्वतःच्या दिशेने वाहणारं. फ्रान्समध्ये असे लहान पूल त्यांनी पाहिले होते, इतका लांब कधीच नाही. वारा आडवा होता. मनोरमाने वेग कमी केला आणि योहाना पन्हाळीच्या मधोमध धरली.

पुलाच्या मध्यावर आल्यावर ती समोर बघतच म्हणाली, "मी रोज पुलावर जाऊन बोटी बघायचे. सप्टेंबरपासून. पाऊस असला तरी."

जयंतने मान वर केली.

"छान चाललंय म्हणायचे, ते तुमच्यासाठी म्हणायचे. मला एक दिवस तिथे चैन पडलेली नाही. इराचं दुखणं होतं म्हणून राहिले, आणि परत राहावं लागलं तर राहीन. पण मला ही बोट हवी होती. अजून हवी आहे."

जयंत म्हणाला, "मग आत्ता फोन करतो त्यांना. नाही म्हणतो."

तिने खाली पाहिलं. एल्बेच्या वाळूवर बगळे उभे होते. तिने मनातल्या मनात सगळं पुढे नेऊन पाहिलं. याचा खांदा, इराच्या गोळ्या, येणारा हिवाळा, धक्क्याला बांधून गंजत पडलेली योहाना.

"नको," ती म्हणाली. "तुम्हाला झेपायचं नाही आणि मला निघता यायचं नाही. बांधून ठेवलेली बोट मला बघवणार नाही. फक्त तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगितलं."

जयंतने डावा हात तिच्या हातावर ठेवला, सुकाणूवरच. पूल संपेपर्यंत तो तसाच राहिला.

गेंथीनच्या धक्क्यावर ते जोडपं वाट बघत उभं होतं. मुलगी उंच, गालांवर तीळ, गंबूट घातलेली. व्यवहाराचं जयंत आणि तिचा नवरा बघत होते. मनोरमा त्या मुलीला घेऊन बोटभर फिरली. थंडीत गिअर दोनदा घालावा लागतो. पुढचं दार उचलून ओढायचं, ढकलायचं नाही. उलटी जाताना बोट डावीकडे सरकते, तिला सरकू द्यायचं, भांडायचं नाही. मुलगी मन लावून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, तुम्ही एकदा येऊन आमच्याबरोबर राहाल का? मनोरमा बघू म्हणाली आणि पटकन उतरली. मसाल्यांचे डबे तिने पिशवीत घेतले होते. पुदिना तिथेच राहू दिला.

आगगाडीत जयंत लगेच झोपला. मनोरमा झाडांमधून कुठे कालवा दिसतो का ते बघत राहिली. एकदाच दिसला, ओझरता.

स्टेशनवर तिघंही घ्यायला आले होते. सोमवारी कामावर न जाता थांबलेल्या कपिलने पिशव्या घेतल्या. इराचे केस विंचरलेले होते. आई, कसं झालं, असं तिने विचारलं. मनोरमाने नेहमीचं उत्तर ओठांवर येऊ दिलं नाही.

"मला फार आठवण येते गं बोटीची," ती म्हणाली. "आजच नाही. इथे आल्यापासून."

इरा जर्मनमध्ये म्हणाली की मला माहीत होतं, मलाच विचारायचं धैर्य नव्हतं, कारण तू जाशील अशी भीती वाटायची. एवढं बोलून तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. ओजस दोघींच्या मध्ये चेंगरला आणि कुरकुरला.

हिवाळ्यात इरा अर्धवेळ कामावर जाऊ लागली, ओजस कीटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, रुळला. जयंत आणि मनोरमाने दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. पुढच्या जूनमध्ये इरानेच त्यांना ज़ारब्र्युकेनहून एक लहान बोट भाड्याने घेऊन दिली, तीन आठवड्यांसाठी. प्लास्टिकची, हलकी, वाऱ्याने भरकटणारी. पहिला दिवस मनोरमाने तिला नावं ठेवण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या हद्दीतली श्लॉइझे आली आणि तिने बोट भिंतीला न लावता आत घातली.

संध्याकाळी झाडांखाली बोट बांधल्यावर जयंतने विचारलं, "अशी एखादी घ्यायची का आपण? हिचे दोर मलाही झेपतात."

मनोरमा पाण्याकडे बघत होती. ऊन खाली आलं होतं आणि पाण्यावर पराग तरंगत होते.

"नको," ती म्हणाली. "ही भाड्याचीच बरी. हिच्यावर जीव नाही बसायचा माझा."

तिचा आवाज शांत होता. थोड्या वेळाने ती उठली आणि दोर घट्ट आहेत ना, ते बघायला काठावर उतरली.