वीतभर अंतर

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. दवाखान्यात मला व्हीलचेअर म्हणत, घरात नुसते 'खुर्ची' म्हणतात. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी जात्याच भित्री आहे. समोर उतार दिसला की माझी पाचावर धारण बसते. मला चाके आहेत पण पाय नाहीत. एकदा घसरू लागले की स्वतःला थांबवणे माझ्या हाती नसते. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' असे म्हणून तुम्ही हसाल. पण माझे पुढचे ऐका आणि मग हसा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कारागिरांनी नळ्या वाकवल्या, जोडल्या, त्यांना चकचकीत मुलामा दिला. शेवटी दोन्ही चाकांना एकेक ब्रेक बसवला, तेव्हा मला फार बरे वाटले. आपल्याला धरून ठेवणारे कोणीतरी आहे, असा धीर आला.

तिथून मी एका मोठ्या दवाखान्यात गेले आणि कितीतरी वर्षे राबले. बाळ कुशीत घेऊन घरी निघालेल्या बाया, पाय प्लास्टरमध्ये घातलेली पोरे, शस्त्रक्रियेला जाताना उगाच विनोद करणारे काका, सगळ्यांना मी वाहून नेले. माणसे माझे हात धरून बसत. कोण किती घाबरले आहे, हे त्या पकडीवरून मला कळू लागले. हसणाऱ्या काकांची पकड सगळ्यांत घट्ट असे.

तिथल्या वॉर्डात एक मामा होते. ते माझ्या चाकांत तेल सोडत, ब्रेकचे रबर बोटाने चाचपून पाहत आणि 'चला राणीसरकार' म्हणून मला ढकलत. माझे कौतुक झाले ते तेवढेच. मामा निवृत्त झाले, नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे ओल होती. माझ्या गादीत उंदरांनी संसार थाटला. वरून जाणाऱ्या प्रत्येक पावलाला मला वाटे, आला भंगारवाला.

भंगारवाला आला नाही. जुन्या सामानाच्या दुकानातून एका मुलाने मला घरी नेले. मुलगा म्हणजे चांगला बाप्या माणूस, पण त्याच्या बाबांचा तो मुलगाच. बाबा निवृत्त बसचालक. उभा जन्म त्यांनी भलीमोठी बस हाकली होती आणि डेपोतले लोक त्यांना 'उस्ताद' म्हणत. असे उस्ताद एके दिवशी बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचे हाड मोडून बसले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितले, "व्यायाम चुकवू नका, म्हणजे हळूहळू काठीवर चालाल. पण याच खुब्यावर पुन्हा पडलात, तर उभं राहणं विसरा."

"मी कशाला पडतोय!" बाबा हसून म्हणाले. त्याच वेळी त्यांची दहा बोटे माझ्या हातांत रुतली होती.

व्यायाम करून घेणाऱ्या ताईंचे केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथे जायला घरची जुनी, बुटकी मोटार होती. तिच्यात बसताना बाबा खाली आदळत. उतरताना मुलगा आणि सून मिळून त्यांना विहिरीतून बादली ओढावी तसे वर ओढत. माझे तर विचारूच नका. मी डिकीत मावत नव्हते म्हणून मला टपावर दोरीने बांधत. वळणावर दोरी करकरली की मी जीव मुठीत धरून बसत असे, आणि मूठ तर मला नाहीच.

पण टपापेक्षाही मला भीती वाटे ती मोटारीच्या दाराशी. मला दाराला लावायचे, ब्रेक ओढायचे, मग बाबा चांगल्या पायावर जोर देऊन उठायचे आणि माझ्यावरून सीटवर सरकायचे. मधले अंतर वीतभर. पण त्या वीतभर अंतरात बाबा ना माझे असत, ना मोटारीचे. त्यात माझ्या डाव्या ब्रेकचे रबर झिजत चालले होते. मी कुरकुरून कुरकुरून सांगितले. "ही खुर्ची फार आवाज करते हो," असे म्हणत सुनेने तेलाचे दोन थेंब सोडले. आवाज थांबला, झीज तशीच राहिली.

शेवटी घरात नवी गाडी घ्यायचे ठरले.

"एसयूव्ही घेऊ," मुलगा म्हणाला. "अवाढव्य नको, कॉम्पॅक्टच. पण बसायला ऐसपैस हवी. बाबांनी आता आरामात फिरायचं."

"खुर्ची डिकीत गेली पाहिजे, हे आधी बघा," सून म्हणाली. "काचेचं छप्पर नि रंगीत दिवे मग."

बाबा म्हणाले, "टायर कोणते आहेत ते विचार."

मित्रांनो, ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात ते हेच. बाबांना विचारायचे होते, 'मला तिच्यात चढता येईल का?' पण आयुष्यभर लोकांना 'चढा लवकर' म्हणून ओरडलेला माणूस हे कोणत्या तोंडाने विचारणार?

पहिली गाडी पाहिली ती अगदी साधी होती. शोरूममधल्या मुलीने दार उघडले आणि मला शेजारी लावले. मी पाहिले तर काय, तिची सीट आणि माझी बैठक एका पातळीत! वर चढायचे नाही, खाली आदळायचे नाही. दारही पुरेसे उघडत होते. बाबा सहज सरकले. माझी घडी घालून सुनेने मला डिकीत आडवी ठेवली, तरी शेजारी दोन पिशव्यांची जागा उरली. सून खूश झाली. मीही खूश झाले. पण मुलगा गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "चांगली आहे, पण काही घेतल्यासारखं वाटत नाही."

बाबांनी ते ऐकले आणि लगेच म्हणाले, "हो, जरा लहानच वाटते."

दुसरी गाडी पाहताच मुलाचा चेहरा उजळला. उंच, रुबाबदार, तिच्या चाकापुढे माझे चाक म्हणजे ताटापुढे वाटी. मुलीने भराभर सांगितले, "सर, सीट थंड होते, मागे कलते, पाय लांब करता येतात."

"बाबा, बसून तर बघा! तुमच्या बससारखं उंचावर वाटेल," मुलगा म्हणाला.

तिची सीट माझ्यापेक्षा चांगली वीतभर वर होती. मुलाने आणि शोरूमच्या एका कामगाराने बाबांना काखेत धरून वर चढवले. आत बसल्यावर आराम होता, यात शंका नाही. उतरताना मात्र बाबांचा पाय हवेत जमीन शोधत राहिला. ती सापडेना. मला खालून सगळे दिसत होते.

"कशी आहे?" मुलाने विचारले.

"मस्त! लोण्यासारखी."

"मग हीच ठरली?"

"ठरली की," बाबा म्हणाले. त्यांच्या तळव्यांच्या घामाने माझे हात ओले झाले होते.

घरी मुलगा जो भेटेल त्याला गाडीचे गुण सांगत होता. हौसेला मोल नसते आणि ही हौस तर वडिलांसाठी होती. बाबा मान डोलवत होते. पण एका दुपारी मुलगा कामावर आणि सून बाजारात गेलेली असताना बाबांनी खोलीचे दार लोटून घेतले. मला पलंगाला लावले. मग बसल्या बसल्याच पलंगावर एक गादी ओढली, तिच्यावर घडी केलेली रजई, तिच्यावर उशी. मला जरा मागे घेऊन उंची न्याहाळली आणि आणखी एक उशी ठेवली.

तेव्हा मला कळले. ते त्या उंच गाडीत चढायचा सराव करणार होते. एकटे!

त्यांनी ब्रेक ओढले. उजवा लागला. डावा लागल्यासारखा दिसला. ते उठले, एक हात उशीवर, एक माझ्यावर. उशी सरकली आणि मी तिरकी फिरले. बाबा क्षणभर अधांतरी लोंबकळले. मी ओरडू शकत नव्हते. मला धरायला हात नव्हते, जे हात आहेत ते लोखंडाचे. मग ते धप्पकन माझ्यावरच परत पडले. त्यांचे काळीज माझ्या पाठीला धडधडताना कळत होते. सून येण्याआधी त्यांनी गादी-उशा जागेवर ठेवल्या.

"झोप लागली होती का, बाबा?" तिने विचारले.

"हो ना, छान लागली."

त्या दिवसापासून मला एकच घोर लागला. गाडी येणार, आणि आठवड्यातून कितीदा तरी तो प्रसंग येणार. एकदा ना एकदा मी दगा देणार.

गाडी पक्की करायला आम्ही पुन्हा त्याच शोरूममध्ये गेलो. "आज मी माझा चढतो, कोणी धरू नका," बाबा म्हणाले. सराव केला होता ना! मुलाने कौतुकाने फोन काढला आणि फोटोसाठी दोन पावले मागे सरला. फरशी आरशासारखी पुसलेली होती. बाबांनी चांगला पाय गाडीच्या उंबऱ्यावर ठेवला, दाराच्या मुठीला धरले आणि मला मागे रेटून अंग उचलले.

डावा ब्रेक सुटला. मी मागे घसरले.

मित्रांनो, ती घसरण मी जन्मात विसरणार नाही. बाबा माझ्यापासून दूर जात होते, म्हणजे मीच त्यांच्यापासून जात होते. त्यांचा दुखरा पाय खाली लोंबत होता. मुठीवरचा हात सुटत होता. शोरूममधली मुलगी किंचाळली. तेवढ्यात सुनेने हातातली पर्स फेकली, गुडघा माझ्या चाकामागे घातला आणि दोन्ही हातांनी बाबांना कमरेला मिठी मारली. दोघे मिळून माझ्यावर कोसळले. माझ्या नळ्या कचकचल्या, पण मी मोडले नाही. बाबांचा खुबा माझ्या गादीवर टेकला, फरशीवर नाही.

"काय ही फरशी! माणसं मारायची आहेत का?" मुलगा ओरडला.

"फरशीला कशाला बोलता?" सून धापा टाकत म्हणाली. तिचा गुडघा सोलला होता. ती बाबांपुढे खाली बसली. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला ही गाडी जमतेय?"

बाबांनी सवयीने तोंड उघडले, 'हो' म्हणायला. पण ते खाली बघत म्हणाले, "मला भीती वाटते गं. फार भीती वाटते. चढताना वाटते, उतरताना वाटते, आदल्या दिवसापासूनच वाटते."

"मग बोलला का नाहीत?" मुलाने विचारले.

"तू एवढ्या हौसेनं माझ्यासाठी घेतोयस. म्हटलं, पोराचा हिरमोड कशाला?"

मुलगा बाबांशेजारी फरशीवरच बसला. "अहो, मी तुमच्यासाठीच ही धरून बसलोय. उस्तादांना उंच बसायची सवय, म्हणून. मला विचाराल तर आपल्या बोळात ही वळवायची कशी, या धास्तीनं मला झोप नाही."

"एवढं धूड त्या बोळात? मलासुद्धा जमलं नसतं," बाबा म्हणाले.

तिघेही हसले. हसता हसता बाबांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते पुसले नाही. शोरूममधल्या मुलीने पाणी आणून दिले आणि गाडीचा एकही गुण सांगितला नाही. त्यासाठी मी तिची आभारी आहे.

मग ती पहिली, साधी गाडी घरी आली. मुलाने मला सायकलवाल्याकडे नेऊन ब्रेकची दोन्ही रबरे बदलून आणली. आता मी डिकीत आडवी पडून जाते. टपावर वारा खाणे सुटले. सगळे ठीक झाले, असे तुम्हाला वाटेल. पण खरे सांगते, भीती काही गेली नाही. मोडलेले हाड जुळते, पण भीतीला प्लास्टर घालता येत नाही.

परवाचीच गोष्ट. व्यायामाच्या केंद्रासमोर रस्त्यातच बाबांना उतरवायचे होते. दार उघडले, मला लावले, ब्रेक पक्के ओढले. बाबा निम्मे उठले आणि म्हणाले, "थांबा. भीती वाटतेय."

मुलगा थांबला. सून थांबली. मागे एक गाडी येऊन उभी राहिली, तिच्यामागे दुसरी, आणि भोंगे सुरू झाले. कोणीतरी डोके बाहेर काढून ओरडले. सुनेने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. "सावकाश बाबा," एवढेच म्हणाली. बाबांनी श्वास घेतला, पुन्हा घेतला आणि मग वीतभर अंतर ओलांडून माझ्यावर येऊन बसले.

मित्रांनो, तुमच्या घरीही असे एखादे माणूस असेल. त्याच्यासाठी गाडी घ्या, पलंग घ्या, काहीही घ्या, पण आधी त्याला विचारा, 'तुम्हाला भीती कशाची वाटते?' ते चटकन सांगणार नाही. टायरचे बोलेल, हवेचे बोलेल. तुम्ही थांबा. माझ्यासारखीचे ब्रेक तेवढ्यात तपासून घ्या. आणि मागे भोंगे वाजू लागले, तर खुशाल वाजू द्या.