खोडाच्या रसाचे दोन गिलास

मित्रांनो, मी बुऱ्हाणपूरच्या एका दवाखान्यातली जुनी डायलिसिस मशीन आहे. थकलेल्या किडनीचं काम मी करते. माणसाचं रक्त घेते, चार तास धुते आणि परत देते.

नवी होते तेव्हा मला झेंडूचा हार घातला होता. एका पुढाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटोही काढला. पुन्हा तो आला नाही. देव करो, त्याला यावं न लागो. आता माझ्या एका चाकाखाली पुठ्ठा आहे. रोज तीन माणसांचं रक्त माझ्यातून फिरतं, पण बघतात सगळे घड्याळाकडे.

फोपनार गावचे दगाभाऊ मात्र आल्या आल्या विचारायचे, "काय बाई, तयार का?" त्यांची केळीची बाग. एकदा डॉक्टर अनंत त्यांना म्हणाले, "कापलेलं केळं हवेनं काळं पडतं ना? डायलिसिसवाल्यांच्या शरीरात ऑक्सिजनचा तसलाच मारा जास्त चालतो. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात त्याला. थोडा या मशीनमुळेही होतो."

मी ओशाळले.

"मंग औषध?"

"हा मारा रोखायला अँटिऑक्सिडंट म्हणून व्हिटॅमिन ई देऊन पाहतात. पण फायदा किती, याची पक्की खात्री अजून नाही."

शास्त्राला खात्री नव्हती, मालूबाईंना होती. गुरुवारी दगाभाऊंची ही बायको त्यांच्या कानाशी वाकली.

"अहो, केळीच्या खोडाचा रस घ्या. रोज दोन गिलास. सारा काळेपणा धुऊन निघेल."

"डॉक्टरला विचारू का?"

"मागे तुम्ही पाणी जास्त प्याले तर केवढे वरडले ते! राहू द्या."

मी सगळं ऐकलं. नळीत हवेचा बुडबुडा आला तरी मी दवाखाना डोक्यावर घेते. पण असल्या गोष्टीसाठी मला शिट्टी दिलेली नाही.

सोमवारी दगाभाऊंना दोघांनी धरून आणलं. पाय उचलत नव्हते, नाडी अडखळत होती.

"भाऊ, काय खाल्लं-प्यालं?" सिस्टर दीपालीने विचारलं.

"कायबी नाही, ताई."

मालूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मग एकदम रडल्या. "खोडाचा रस पाजला मी. आपल्याच बागेतला, ताजा!"

डॉक्टरांनी ओरडायला तोंड उघडलं, मालूबाईंकडे पाहिलं आणि मिटलं. "त्यातलं पोटॅशियम थकलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. ते साचून हृदय बंद पाडू शकतं, मावशी. बोललात, बरं केलं."

इंजेक्शन झालं. दगाभाऊंना मला जोडलं. चार तासांनी नाडी ठिकाणावर आली.

जाताना मालूबाईंनी डॉक्टरांना हात जोडले, दीपालीच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मला कुणी काही म्हणालं नाही. बरोबरच होतं. मी चार दिवस आधीच सारं ऐकून गप्प होते.

मित्रांनो, आजारी माणसाला घरचा रस-काढा देण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि कुणी चूक कबूल केली, तर त्याच्यावर ओरडू नका. एकदा गप्प झालेलं माणूस माझ्यासारखं होतं. शेजारी बसून सगळं ऐकतं, आणि वेळेवर काहीच सांगत नाही.