अकरा ठोकळ्यांची खोली

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. फक्त भंगार म्हणू नका. माझा उजवा कोपरा तडकला आहे, आवाजाचं बटण आत गेलं ते गेलंच, आणि चार्जिंगची वायर जरा तिरकी धरली तरच मी दाद देतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो जण एका पट्ट्यावरून सरकत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण काहीतरी खास आहोत. माझी पहिली नोकरी फरश्यांच्या दुकानात. गिऱ्हाईक आलं की दुकानदार माझ्यावर नमुने दाखवायचा आणि "अख्खं दुकान आहे बघा याच्यात" म्हणून माझं कौतुक करायचा. तीन वर्षांनी नवा टॅब आला. मग दुकानदाराने मला त्याच्याकडच्या फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "घेऊन जा, पोरगी खेळेल."

पोरगी खरंच खेळली. ती नऊ वर्षांची होती. हातात काम असलं की गुणगुणायची, म्हणून घरात तिला भुंगा म्हणत. तिने माझ्यात एक ठोकळ्यांचा खेळ घेतला. त्यात ना शर्यत, ना हारजीत. एक हिरवं मैदान आणि हवे तेवढे ठोकळे. काय बांधायचं ते आपलं आपण ठरवायचं. मोठी माणसं विचारतात, मुलांना त्यात एवढं काय मिळतं? मी सगळं अगदी जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगतो. जिला दिवसभर "इथे बस, त्याला हात लावू नकोस" ऐकावं लागतं, तिला तिथे कुणाला न विचारता भिंत पाडता येते.

तिची आई घरीच कपडे शिवायची. तिचा खेळ वेगळा होता. एका रंगाचे तीन मणी जुळले की ते टपकन फुटायचे. एक बाही जोडून झाली की पाच मिनिटं मणी, मग पुन्हा मशीन. "डोकं जरा हलकं होतं," ती म्हणायची. पाच मिनिटांची पंधरा झाली की भुंगा तिच्या मागे येऊन उभी राहायची आणि मुद्दाम घसा खाकरायची.

मिस्त्री मात्र या दोन्ही खेळांकडे बघून नाक मुरडायचे. त्यांचं काम बाहेरगावी असायचं, दहा-बारा दिवस घर नाही. एकदा सुट्टीवर आले असताना त्यांची नजर सहज माझ्यावर पडली आणि तिथेच अडकली.

"अगं, हे दार उघडलं की जिन्यावर आपटेल."

"बाबा, खेळातलं आहे ते."

"खेळातलं असलं म्हणून काय झालं? आणि ही खोली बारा ठोकळ्यांची का? अकराची कर. फरशी अशी भिंतीपासून नाही सुरू करायची. पहिली मधोमध लावायची, मग दोन्ही बाजू सारख्या येतात. बाराला मधली फरशी आणणार कुठून?"

भुंग्याने मुकाट्याने भिंत पाडली. मिस्त्री खुर्ची ओढून बसले, ते जेवायच्या हाका तीनदा येईपर्यंत उठले नाहीत.

तेव्हापासून ते घर दोघांचं झालं. मिस्त्री कामावर गेले की भुंगा रोज संध्याकाळी आईच्या साध्या बटणांच्या फोनवरून त्यांना हिशोब द्यायची. आज खिडक्या लावल्या, चार. नदीकडे दोन. आज जिना वळवला. शेवटी गच्ची राहिली होती. "तू यायच्या आत होते बघ," असं तिने सांगून टाकलं होतं.

ते यायच्या तीन दिवस आधी ती शाळेत असताना एक बाई फ्रॉक शिवायला आल्या. त्यांनी नमुन्याचा फोटो माझ्यावर पाठवला. माझं पोट गच्च भरलेलं. जागा नाही, मी म्हणालो. बाई दारात ताटकळत होत्या. आईने यादी उघडली, सगळ्यात जास्त जागा कोण खातं ते पाहिलं आणि तो ठोकळ्यांचा खेळ काढून टाकला. फुकटचा खेळ, नंतर पुन्हा घेऊ, एवढाच तिचा विचार. दुपारी जुने फोटो पुसून तिने तो आठवणीने परत घेतलाही. खेळाचं चित्र होतं तिथे पुन्हा दिसायला लागलं.

संध्याकाळी भुंग्याने खेळ उघडला. गुणगुणणं थांबलं.

"आहे ना तुझा खेळ?" आई सुई ओवता ओवता म्हणाली.

"खेळ आहे. घर नाहीये."

आईने येऊन पाहिलं. हिरवं सपाट मैदान होतं.

"मला काय माहीत, ते आतच असतं म्हणून!"

"मणी ठेवलेस," भुंगा म्हणाली. "तुझे मणी बरे ठेवलेस."

मित्रांनो, ते घर माझ्या एकट्याच्या पोटात होतं, दुसरीकडे कुठेच नाही. आणि आता कबूल करतो, मला ते आठवत नाही. चार खिडक्या, वळलेला जिना, हे सगळं मी तुम्हाला ऐकीव सांगतो आहे. आमच्यातलं पुसलं की आम्हाला त्याचं दुःखही उरत नाही. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली.

भुंगा आईशी बोलेना. फोनवर बाबांनाही काही सांगेना. आईने एकाच फ्रॉकची शिवण दोनदा उसवली. मण्यांना तिने हात लावला नाही.

मिस्त्री घरी आले, बूट काढले. "झाली गच्ची?"

भुंगा खाली बघत राहिली. आईच पुढे झाली. "अहो, तिचं घर मी मोडलं. जागा करायला गेले आणि सगळंच गेलं. तिची काही चूक नाही."

मिस्त्रींनी थापी-ओळंब्याची पिशवी उघडली आणि तळातून फरशीच्या खोक्याचा एक पुठ्ठा काढला. त्यावर पेन्सिलीने चौकोनच चौकोन काढले होते.

"तू रोज सांगायचीस ते जेवणाच्या सुट्टीत उतरवून ठेवायचो. मला नुसतं ऐकून समजत नाही."

सगळं होतं त्यात. खिडक्या, जिना, अकरा ठोकळ्यांची खोली. भुंग्याने पुठ्ठा दोनदा पाहिला. "पण हे तेच घर नसणार ना," ती म्हणाली आणि रडली. तीन दिवसांचं साठलेलं होतं.

आई तिच्याजवळ जमिनीवर बसली. "नसणार. पण पाडलं मी आहे, बांधायलाही मीच येते. मला शिकव."

आईने खेळातल्या मैदानात पहिल्याच फटक्यात खड्डा खणला आणि त्यात स्वतःच पडली. वर येता येईना. भुंगा रडता रडता हसली. मग तिघांची डोकी माझ्यावर अशी वाकली की मला छत दिसेना. आईने अकरा ठोकळ्यांच्या खोलीतली पहिली फरशी ठेवली, बोटाने मोजून, बरोबर मधोमध. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

आता भुंगा मोठी झाली आहे, तिच्याकडे नवा टॅब आहे. माझी काच पुसा, मला उन्हात ठेवू नका, हे मी सांगेनच. पण मित्रांनो, माझी खरी विनंती वेगळी आहे. आमच्यातलं काहीही पुसण्याआधी घरात एकदा हाक मारून विचारा.

आई आता विचारते. परवा भंगारवाला दारात आला, तेव्हा तिने मला उचललं आणि आत वळून हाक मारली, "भुंग्या, यात कुणाचं काही आहे का गं?"

"आहे," आतून उत्तर आलं.

म्हणून मी अजून शिलाई मशीनच्या खणात आहे, पुठ्ठ्याच्या शेजारी.