विभूतीखालचा नंबर

त्या शुक्रवारी राजवाड्यामागच्या लग्नाच्या कल्याण मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर कुबेरस्वामी, पाठीमागे झेंडूच्या हारांत बुडालेली कुबेराची तसबीर, आणि पुढे रांगेत शिकलीसवरलेली माणसं. प्रत्येकाच्या हातात सराफाचं गिफ्ट कार्ड.

"क्रेडिट कार्डावर घ्या, कुबेराला दाखवा, कुबेर तुमचा पैसा परत धाडतो!" स्वामी गरजले. "कुणाला आला मेसेज?"

"मला आला, सामी! कॅशबॅक!" निवृत्त तहसीलदार रामस्वामींना हुंदका आवरेना.

रांगेत वाणीही उभी होती. शेजारी तिची सासू वरलक्ष्मी. सासूबाईंनी लेकीच्या, जननीच्या, लग्नासाठी असंच कार्ड इथं आणलं होतं. स्वामींनी त्यावर चंदेरी 'कुबेरकवच' चिकटवलं आणि मुहूर्तापर्यंत सोलायचं नाही असं बजावलं. कार्ड देवघरात राहिलं. सराफाकडे कवच सोललं तर खालची, नंबर झाकणारी पट्टी आधीच खरवडलेली, कार्ड रिकामं. बँकेतल्या साहेबांनी हात झटकले, "खरेदी तुमची, ओटीपी तुमचा. आम्ही काय करणार?" आणि स्वामींनी डोळे मिटून निकाल दिला, "चोर घरातच आहे. बाहेरून आलेली."

देवघराची किल्ली वाणीकडे असे. सासूबाईंनी चारजणांसमोर तिला चोर म्हणून ती काढून घेतली. लग्न होईतो तिनं पापनाशमला माहेरी राहावं, असं ठरलं. नवरा मुरली ताटातल्या भातात बोटं फिरवत राहिला. पण वाणीनं त्या खरवडलेल्या पट्टीच्या कडांना राख पाहिली होती. म्हणून माहेरी जायच्या आधी नवं कार्ड विकत घेऊन ती सासूला इथं घेऊन आली होती.

तिची पाळी आली. "डोळे मिटा सगळ्यांनी!" स्वामी म्हणाले.

"अत्याबाई, तुम्ही उघडे ठेवा," वाणी पुटपुटली.

स्वामींनी कार्डावर विभूती चोळली. पुन्हा चोळली. मग नखानं खरवडू लागले. कपाळावर घाम आला.

"काय झालं, सामी? कुबेराला नंबर दिसेना?" वाणी मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांचे डोळे उघडले. "पट्टीवर नखांचं बिनरंगी पॉलिश लावलंय मी!"

"पापिणी!" स्वामी ओरडले. तोवर तिनं तसबिरीवरचे हार ओढून काढले होते. कुबेराच्या बेंबीत भोक, भोकामागे मोबाईलचा कॅमेरा.

"डोळे तुम्ही मिटायचे, नंबर यानं खरवडायचा, कुबेराला दाखवायच्या निमित्तानं फोटो काढायचा, वर कवच चिकटवायचं. मुहूर्तापर्यंत तुम्ही हात लावत नाही, तोवर सोनं याच्या घरात!"

"पण मला मेसेज आला होता ना, गो?" रामस्वामी कळवळले.

"मलाही आला, मामा. आज सकाळी, इथं यायच्या आधी!" तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. "ती बँकेची योजना आहे, सराफाच्या काउंटरवर पाटी लावलीय. क्रेडिट कार्ड वापरणाऱ्या सगळ्यांना मिळतं, देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्यालाही. बँकेची सूट, आणि नाव याच्या कुबेराचं!"

स्वामी मागच्या दाराकडे सरकले. तिथं माणसांनी वाट अडवली होती.

रांगेतल्या एकालाही पाटी वाचता येत नव्हती असं नाही. डोळे मिटायला का सांगतोस, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. विचारा. जो प्रश्नाला भितो, त्याच्या हाती काही देऊ नका. आणि तो एखाद्या सुनेकडे बोट दाखवेल, तेव्हा आधी त्याच्या नखांतली राख बघा.

वरलक्ष्मीबाईंनी कमरेची किल्ली काढून पुढे केली.

"किल्ली राहू द्या, अत्याबाई," वाणी म्हणाली. "चोर म्हणालात ते चारजणांसमोर. चोर नाही, हेही इथंच, यांच्यासमोर म्हणा."