हात लाव

कोंडाजीची मान डाव्या खांद्यावर कलली ती कललीच. जन्मभर नेरळहून माथेरानला गोऱ्यांच्या ट्रंका वाहिल्या, त्याचं हे बक्षीस. आता बायको भागूबाई त्याला बशीनं चहा पाजते, तरी अर्धा सदऱ्यावर सांडतो. आणि परवा चढावर ट्रंक वाहताना लेकाच्या, हिरामणच्या मानेतूनही कट्‌ असा आवाज आला. बोटांना मुंग्या आल्या. बापाचंही असंच सुरू झालं होतं.

तो दुसरं काम शोधायला लागला. कर्जतला कोळशाच्या ठेकेदाराला माणसं हवी होती. फावड्याचं काम, डोक्यावर काही नाही. पण शेठ पडला हौशी. त्यानं तालमीला मुंबईहून एक लोखंडी दांडा आणून दिला होता, दोन्ही टोकांना जात्याएवढी चाकं. तो जमिनीवरून एकट्यानं छातीपर्यंत उचलेल त्यालाच काम. फावडं मारायला दांडा कशाला, हे विचारणार कोण? भुकेल्यानं शेठच्या खेळण्याशी खेळायचं आणि शेठनं बघायचं, ही जुनीच रीत.

सरावाला हिरामण गेला, तेव्हा शेठचा पुतण्या पदू दोस्तांबरोबर कट्ट्यावर बसला होता. हिरामणनं पटका सोडला, त्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, दांड्यापुढं उकिडवा बसला. बसूनच राहिला.

"काय रं, आंघोळीला बसलास का?" पदूनं विचारलं.

"कुनीतरी हात लावा की."

तालीम हसून लोळली. हिरामणला कळेना, यात हसण्यासारखं काय? भरलं ओझं कुणी एकट्यानं डोक्यावर घेतं का? चढावर ओझं उतरवून बसलेला 'हात लाव' म्हणाला, की जाणारा वैरी असला तरी थांबतो. नाही म्हणायची चाल नाही.

बुधाजी वस्तादानं त्याच्या डोक्यावरची चुंबळ काढली. "हितं कुनाचा हात घ्यायचा नाय, कुनाला द्यायचा नाय. दांडा पायाच्या नळीला चिकटव. पाठ ताठ. आता पायानं जमीन ढकल."

दांडा गुडघ्यापर्यंत आला आणि अडला. दुसऱ्या दिवशीही अडला. वजन वरून आलं तर सोसायचं, एवढंच त्या अंगाला ठाऊक होतं. रात्री मान चाचपत तो पडून राही. बापाचं घोरणंसुद्धा वाकडं येई.

निवडीच्या दिवशी शेठ खुर्ची टाकून बसला. पदूनं ओरडून सांगितलं, "मधे जो हात घालील तो बाद! उचलणाराबी बाद!"

हिरामणचे तळहात घामानं निसटत होते. त्यानं माती चोळली. नळी, पाठ, पाय. दांडा गुडघ्याशी आला, थरथरला, आणि झटक्यात छातीवर आला.

"शाबास! हा घेतला!" शेठ म्हणाला.

हिरामणचे डोळे भरले. सुटलो, बाबा.

पुढचा धाऊ, त्याच्याच बरोबरचा हमाल. दांडा गुडघ्यावर अडला. धाऊची पाठ वाकली, तोंड काळंनिळं झालं. दांडा खाली टाकावा हेही त्याला सुचेना.

"हिरामण... हात लाव रं!"

नको, हिरामण मनात म्हणाला. नको. पण हात मनाला विचारून जातात थोडेच? दांड्याचं एक टोक त्याच्या हातात आलंही होतं.

"दोघं बाद!" पदू टाळी पिटत ओरडला. शेठ पोट धरून हसला. माणुसकी बघून हसू येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती नेहमी खुर्चीवरच बसलेली असतात.

सकाळी नेरळला ट्रंक भरलेली होती. धाऊनं मान वर न करता ती हिरामणच्या डोक्यावर चढवली.

"नीट बसली?"

"बसली."

मानेतून कट्‌ झालं. या खेपेला धाऊनंही ऐकलं.

"पयल्या वळनाला उतरव," तो म्हणाला. "थितनं म्होरं मी घेतो. तू फक्त हात लाव."