अंड्यात घोळवलेली मिरची

माझ्या नणंदेशी, ब्रिहिदाशी, माझं अकरा वर्षं वाकडं होतं, तेही अंड्यावरून. भरलेली मिरची फेटलेल्या अंड्यात घोळवून तळायची, ही माझ्या माहेरची रीत. ब्रिहिदाच्या आईची मात्र बिनअंड्याची. एका पंधरा सप्टेंबरला, आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या सणाला, भरल्या ताटावर मी त्या मिरच्यांना नागड्या म्हणाले आणि ब्रिहिदा उठून गेली. जीभ माझी पहिल्यापासूनच तिखट.

यंदा पडून माझा उजवा हात प्लास्टरमध्ये. आणि नवरा, आन्सेल्मो, न्यूमोनियातून वाचून कालच घरी आलेला. इस्पितळातलं अळणी जेवताना रोज एकच विचारायचा, "पंधरा सप्टेंबरला तुझी मिरची करशील ना?" मी हो म्हणून बसलेले. पण शंभर ओले अक्रोड एका हातानं सोलायचे कसे? पातळ साल जराशी राहिली तरी मिरचीवर ओतायचा अक्रोडांचा पांढरा रस कडू होतो, आदल्या दिवशी सोलावेत तर काळे पडतात. पंधराच्या सकाळी चार सोलले, चारांचा चुरा झाला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा मी नणंदेला फोन लावला.

ती अर्ध्या तासात आली, स्वतःची सुरी घेऊन.

"वन्सं, फार उपकार झाले."

"उपकार कसले? माझा भाऊ खाणार आहे. सरक तिकडे."

दुपारपर्यंत तिनं अक्रोड सोलले, मिरच्या भाजून त्यांची सालं काढली, खिमा, पेअर आणि पीच घालून सारण परतलं. तिची नखं काळी झाली. मी शेजारी बसून सूचना करत होते.

"ओतिलिया, डॉक्टर तोंडाला प्लास्टर घालायला विसरले वाटतं," ती म्हणाली.

मिरच्या भरून झाल्या. उरली अंड्यांची टोपली. दोघींनीही तिच्याकडे बघायचं टाळलं. आन्सेल्मोला माझ्याच हातची चव हवी होती, पण ही बाई सकाळपासून माझ्यासाठी उभी होती.

"वन्सं, अंडं राहू दे," मी मनापासून म्हणाले. "आईंच्या रीतीनं वाढू."

ती हात पुसत राहिली.

"कसली रीत! आमच्या कोंबड्यांची अंडी बाजारात जायची. घरात एक उरायचं नाही. आम्ही मागू नये म्हणून आई सांगायची, आपल्यात घालत नाहीत." तिनं एक अंडं उचलून फोडलं. "भांडं धर डाव्या हातानं. घट्ट धर."

मी धरलं. अकरा वर्षं मी कशाला हसत होते, ते कळून लाज वाटली. आणि ती आली म्हणून बरं वाटलं, इतकं की मला रडूच आलं.

तळलेल्या मिरचीवर पांढरा रस, डाळिंबाचे दाणे, पार्सलीची पानं. आन्सेल्मोनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"कुणाच्या रीतीची केलीत गं?"

"आईच्या. घरात अंडं उरलं असतं तर," ब्रिहिदा म्हणाली, आणि तिनं आपल्या ताटातल्या मिरचीचं कुरकुरीत टोक तोडून तोंडात टाकलं.