दाराआडचा करारनामा

मी एक करारनामा. सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी भल्या मनाचा कागद नाही. भल्या मनाचे कागद लग्नपत्रिका होतात, शाळेचे दाखले होतात. मी एका माणसावर वर्षभर डूख धरून बसलो, आणि तो काढला तेव्हाच मला गार वाटलं. ऐकायचं असेल तर हे ठाऊक असू द्या.

माझा जन्म सत्तावन्न साली अलिबागला झाला, कामगार अधिकाऱ्याच्या टाइपरायटरवर. महाडच्या एका भातगिरणीतले बावीस कामगार आणि त्यांचे मालक यांच्यात मी झालो. मालक मुंबईत राहत. त्यांच्या वतीनं मॅनेजर रावजीसाहेब आले होते. कामगारांच्या वतीनं आला होता नाते गावचा महिपत. हा आधी मुंबईच्या मिलमध्ये होता, युनियनच्या सभा ऐकून आलेला. बावीस जणांत लिहिता-वाचता येणारा तो एकटाच.

माझ्या अंगावर चौदा कलमं आहेत. बाकीच्यांशी तुमचं फारसं काम नाही. नववं ऐका, कारण माझा जीव त्यात आहे. प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी सात दिवस खाजगी कामासाठी भरपगारी रजा. कारण म्हणून 'खाजगी काम' एवढे दोन शब्द पुरे.

हे रावजीसाहेबांना मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी डोकं चालवलं आणि म्हणाले, "रजा घ्या ना. पण अर्ज लेखी हवा आणि सात दिवस आधी हवा. तोंडी चालणार नाही." अंगठेबहाद्दर कुठला अर्ज लिहितात, असा त्यांचा हिशेब.

अधिकारी म्हातारा होता, पण पक्का होता. म्हणाला, "मग नकारही लेखीच हवा. तीन दिवसांत लेखी नकार दिला नाही, तर रजा मंजूर झाली असं समजायचं."

"लिहा की," रावजीसाहेब हसून म्हणाले. अर्जच येणार नाहीत तर नकाराचं कलम घेऊन काय करायचंय! त्यांनी झोकात सही ठोकली. महिपतनं केली. त्याला त्या दिवशी ताप होता आणि परतीची गाडी गाठायची होती. सात दिवसांची रजा मिळाली एवढं त्याच्या ध्यानात राहिलं, पुढचं वाक्य राहिलं नाही. महिपतला मी दोष देत नाही. पण ते राहिलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

करार गिरणीच्या कचेरीत दर्शनी भागी लावावा, असं माझं चौदावं कलम सांगतं. रावजीसाहेबांनी मला काचेच्या चौकटीत घातलं आणि दारालगतच्या भिंतीवर ठोकलं. जागा दर्शनीच होती, फक्त कचेरीचं दार आत उघडायचं आणि सकाळी उघडलं की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडावर टेकून असायचं. आठ तास मला सागवानी फळी दिसे, आणि तिच्या भेगेतून रावजीसाहेबांचं टेबल. दार लागल्यावर दिसे ती बयाबाई, केर काढणारी. ती रोजंदारीवर होती, म्हणजे माझ्या बावीस जणांत ती नव्हती. तरी पदरानं माझी काच पुसायची ती एकटीच.

दोन वर्षं अशी गेली. रजा मागायची म्हणजे रावजीसाहेबांपुढे उभं राहून मान खाजवायची आणि 'नाही' ऐकून परत फिरायचं, हा गिरणीचा रिवाज पडला. शिमग्याला नाही, भाताच्या आवणीला नाही, पोरीच्या बोलणीला नाही. मी दाराआडून सगळं ऐकत होतो आणि दात ओठ खात होतो. मला दात नाहीत, पण समजून घ्या.

एकोणसाठच्या मार्गशीर्षात हैबतीची आई वारली.

हैबती डोंगरातल्या कुडपण गावचा. इंजिनावर काम करायचा. शब्दाला महाग असलेला माणूस. त्याची आई साळूबाई कुडपणातच राहायची. सांगावा आला तसा हैबती निघाला. पोलादपूरपर्यंत एस.टी., तिथून कापडे गावावरून पायी चढ. आईला अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या आणि दुपार टळता टळता महाडला परत आला. सुतकात होता, तरी इंजिनाशी उभा राहिला. येताना धाकटी बहीण चंद्राबाई त्याला म्हणाली होती, "दादा, धाव्याला येशील ना? पिंड तुझ्याच हातचा पायजे रं आयला." आणि हा "येतो" म्हणून दहाव्याचा शब्द देऊन बसला होता. एकुलता एक मुलगा, येणार नाही तर जातो कुठे?

त्याच संध्याकाळी तो कचेरीत आला. दहाव्याला सात दिवस उरले होते.

"सायेब, आयचा धावा हाय. दोन दिसांची रजा पायजे."

"आत्ताच जाऊन आलास ना?" रावजीसाहेब वर न बघता म्हणाले.

"ती माती द्याया गेलो व्हतो."

"माणूस एकदाच मरतं, हैबती. त्याच्या दोन-दोन रजा कशाला? आणि अर्ज कुठाय?"

हैबती खाली गेला. महिपतकडून अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला आणि घेऊन आला. शाई ओली होती. रावजीसाहेबांनी अर्ज घेतला, वाचलासुद्धा नाही. त्यांचं टेबल एका पायानं डगमगायचं. त्यांनी अर्जाची घडी केली, अजून एक केली, आणि वाकून त्या पायाखाली सारली.

"नाही जमणार," ते म्हणाले. "इंजिन कोण बघेल? गैरहजर राहिलास तर परत गिरणीत पाय ठेवू नको."

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. लेखी नकार आला नाही. तिसऱ्या दिवशीची कचेरी बंद झाली त्या क्षणी हैबतीची रजा मंजूर झाली होती. माझ्या अंगावर ठसठशीत लिहिलं होतं. त्याला कुणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. तो उठून निघाला असता तर त्याच्या केसाला धक्का लागला नसता. हे साऱ्या महाडात मला एकट्याला कळत होतं, आणि माझं तोंड दारानं दाबलेलं.

दहाव्याच्या दिवशी हैबती इंजिनाशी उभा होता. घरी बायको, दोन पोरं. नोकरी गेली तर खायचं काय? दुपारी तो जेवला नाही, एवढंच बयाबाई संध्याकाळी स्वतःशी बोलली.

चार दिवसांनी चंद्राबाई महाडला आली. घरी गेली नाही, गिरणीच्या फाटकाशीच उभी राहिली. मधल्या सुट्टीत भाऊ बाहेर आला. तिचा आवाज कचेरीपर्यंत येत होता.

"मालोजीनं पिंड दिला," ती म्हणाली. मालोजी म्हणजे चुलतभाऊ. "कावळा शिवंना. आमी उनात बसलो. हैबती येतो, नोकरी सोडून येतो, असं समद्यांनी बोलून झालं. तरी शिवंना. मग भटानं दर्भाचा कावळा केला नि शिववला. लेक जिता असून आयला गवताचा कावळा केला, दादा."

हैबती तिला घरी चल म्हणाला.

"तुझ्या घरात मी पाणी प्यायची नाय आता," असं म्हणून ती आल्या पावली गेली.

रावजीसाहेब खिडकीतून म्हणाले, "हैबती, सुट्टी संपली." त्या दिवसापासून मी त्यांच्या वाइटावर टपलो.

पण भिंतीवरच्या कागदाच्या हातात काय असतं? वाट पाहणं. मी वाट पाहिली. आणि महाडचा आषाढ माझ्या मदतीला आला. आठ दिवस झड लागली होती. कचेरीचं दार फुगलं, लागेना की उघडेना. सुतार आला, त्यानं बिजागऱ्या काढल्या आणि दार रंधा मारायला पडवीत नेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा भरदिवसा माझ्या तोंडावर उजेड पडला. रावजीसाहेब तेव्हा जेवायला गेले होते. महिपत काही विचारायला म्हणून आत आला आणि माझ्यापुढे थबकला. नवव्या कलमावर त्याचं बोट थांबलं. त्यानं ते दोनदा वाचलं, मग तोंडातल्या तोंडात शिवी दिली. ती स्वतःला होती.

त्यानं हैबतीला हाक मारली आणि हळू आवाजात वाचून दाखवलं.

हैबतीनं विचारलं, "म्हंजे तवा माझी रजा झाली व्हती?"

"झाली होती."

"मी जाऊ शकत व्हतो?"

"जाऊ शकत होतास रे."

हैबती टेबलाच्या त्या पायाजवळ उकिडवा बसला. घडी अजून तिथंच होती. त्यानं ती ओढून काढली, उलगडली. अंगठा तसाच होता. मला वाटलं, आता हा रडेल. तो रडला नाही. अर्ज बंडीच्या खिशात घालून उभा राहिला आणि म्हणाला, "आयचं वर्साचं मार्गशीर्षात हाय. तवर आपल्या मानसांभाईर कुनाला बोलू नको."

दुसऱ्या दिवशी दार परत लागलं. मी पुन्हा अंधारात गेलो, पण आता मी दबा धरून बसलो होतो, आणि माझ्याबरोबर बावीस माणसं बसली होती.

मार्गशीर्ष म्हणजे गिरणीची घाई. त्यात त्या साली मालकांनी नवं यंत्र बसवलं होतं आणि ते चालताना दाखवायला मुंबईचे व्यापारी घेऊन येणार होते. मालकांना तारीख रावजीसाहेबांनीच कळवली होती. साळूबाईचं वर्षश्राद्ध त्याच दिवशी आलं. योगायोग म्हणा. मी देवाचा न्याय म्हणतो.

दहा दिवस आधी अर्ज यायला लागले. अक्षर सगळ्यांचं महिपतचं, अंगठे ज्याचे त्याचे, रजा दोन दिवसांची, कारण 'खाजगी काम'. महिपत प्रत्येक अर्ज आधी कारकुनाकडे नेऊन त्यावर तारखेचा आवक शिक्का मारून घ्यायचा.

"काय रे, सगळ्यांचं खाजगी काम एकाच दिवशी?" रावजीसाहेबांनी विचारलं.

"हो साहेब," महिपत म्हणाला.

"नाही. कुणाला नाही. त्या दिवशी जो येणार नाही त्याची नोकरी गेली समजा." आणि अर्ज खणात. बावीसच्या बावीस. मला हसू आवरत नव्हतं. एका ओळीचं 'नामंजूर' लिहिलं असतं तरी माणूस वाचला असता! पण तोंडानं नाही म्हणायची सवय हाडीमासी खिळलेली. तीन दिवस उलटले.

त्या सकाळी भोंगा झाला आणि फाटकातून एकही माणूस आत आला नाही. रावजीसाहेब आधी चिडले, मग घड्याळ बघू लागले, मग त्यांना घाम फुटला. नऊ वाजता मालकांची मोटार आली. मालक आणि तीन व्यापारी कोटाबिटात उतरले. नवं यंत्र थंडगार.

"संप केलाय, शेठ!" सगळ्यांना कचेरीत आणत रावजीसाहेब म्हणाले. "बेकायदा संप. सगळ्यांना काढून टाकतो."

तेव्हा केरसुणी घेऊन बयाबाई पुढे आली. तिला मी एका दिवसाचीही रजा दिलेली नाही, हे लक्षात असू द्या.

"संप नाय शेट," ती म्हणाली. "समदी रजंवर गेली. हितं लिवलंय म्हनं." आणि तिनं कचेरीचं दार लावून घेतलं.

मालक माझ्यापुढे उभे राहिले, चष्मा लावला आणि नववं कलम वाचलं. मला जन्मात कुणी इतक्या सावकाश वाचलं नव्हतं.

"रावजी, लेखी नकार दिलेत?"

"तोंडी सांगितलं होतं, शेठ. प्रत्येकाला."

"अर्ज कुठे आहेत?"

खण उघडला. आवक शिक्क्यांचे बावीस अर्ज टेबलावर आले. मालक एकेक तारीख बघत होते. व्यापारी एकमेकांकडे बघत होते. रावजीसाहेब माझ्याकडे बघत होते, तीन वर्षांत पहिल्यांदाच, आणि मी त्यांच्या नजरेला नजर दिली.

"उद्यापासून तुम्हीही रजेवर," मालक म्हणाले. "परत यायचं कारण नाही."

मला वाटलं, संपलं. फिटलं.

तिसऱ्या दिवशी बावीस जण परतले. महिपत हसत होता. सगळेच्या सगळे कुडपण चढून गेले होते, पंगतीला पानं कमी पडली, आणि चंद्राबाई भावाच्या हातून पाणी प्याली. हैबती कचेरीत आला, त्यानं दार लावलं आणि माझ्यापुढे उभा राहिला. मी तर हाराची वाट बघत होतो.

"ह्यात व्हतंच ना समदं?" त्यानं महिपतला विचारलं. "तवापास्नं?"

"होतं."

"मग आयच्या धाव्याला मला का जाऊ दिलं नाय ह्यानं?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "वर्सानं आलेलं शानपन घिऊन काय करू मी? धावा काय परत येतोय?"

बावीस जणांचा सूड पुरा झाला होता आणि त्यातलं एक अक्षरही साळूबाईपर्यंत पोचत नव्हतं.

हैबतीनं मला खिळ्यावरून उतरवलं. "फाटकाला लाव ह्याला," तो म्हणाला. "भाईर. भिजला तर भिजू दे. पन दिसू दे."

तेव्हापासून मी फाटकावर आहे. दोन पावसाळे झाले. काचेत पाणी शिरलंय, शाई पसरलीय, पहिली चार कलमं गेली. नववं अजून वाचता येतं, पण येत्या पावसात तेही जाईल. रोज सकाळी आत शिरताना महिपत ते मोठ्यानं वाचतो आणि नव्या माणसांकडून म्हणून घेतो. तुम्हीही कुठे कामाला असाल तर तुमचा कागद कुठल्या दाराआड आहे तो शोधा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला आजच वाचून दाखवा. त्याची आई अजून जिवंत असेल.